टक्का

टक्का एकटा कधी फिरत नाही. त्याच्यामागे एक आकडा उभा असतो आणि त्या आकड्याची चौकशी केल्याशिवाय टक्क्याशी व्यवहार करू नये. शिष्यवृत्तीच्या जादा तासाला तो फळ्यावर येतो तो असा: एका मुलाला ३० टक्के गुण मिळाले, तो ३० गुणांनी नापास झाला. दुसऱ्याला ४० टक्के मिळाले, त्याला पासापुरत्या गुणांपेक्षा ३० जास्त पडले. तर परीक्षा किती गुणांची?

मुलं घाबरून सूत्र शोधू लागतात. टक्क्यानं तर सगळं सांगून टाकलेलं असतं. दोघांतलं अंतर १० टक्क्यांचं, तेच गुणांत ६०. म्हणजे एक टक्का ६ गुणांचा आणि परीक्षा ६०० ची. पहिल्याचे १८०, त्यात ३० मिळवले की २१०; सहाशेपैकी बरोबर ३५ टक्के, आपल्या बोर्डाची पासाची रेघ! एक टक्का किती गुणांचा, हे मुलाला स्वतःहून सापडलं तर सूत्र पाठ करावं लागत नाही. ते आधीच फळ्यावर लिहून देण्याची घाई मला पटत नाही.

स्वभावानं टक्का सरळ आहे, पण न विचारता खुलासा करत नाही. पन्नास गुणांच्या चाचणीत ८० टक्के, शंभराच्या पेपरात ६५. मुलं सरासरी ७२.५ लिहून मोकळी होतात. गुण मोजा: ४० आणि ६५, दीडशेपैकी १०५. सत्तरच टक्के. मोठ्या पेपराचं वजन जास्त पडलं आणि तेच न्यायाचं आहे. चाळिसाचे पन्नास गुण झाले तर वाढ २५ टक्के, पन्नासाचे पुन्हा चाळीस झाले तर घट २०. गुण मात्र दहाच.

निकालाच्या दिवशी घरोघरी त्याचीच विचारपूस असते. सहा विषयांत ४२० म्हणजे ७० टक्के. त्यातला ५० गुण मिळालेला विषय ‘बेस्ट ऑफ फाइव्ह’मध्ये गळला की पाचशेपैकी ३७०, म्हणजे ७४. मूल तेच, पेपर तेच. ‘किती टक्के?’ सगळे विचारतात, ‘कितीपैकी?’ कुणी विचारत नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं. पंचाहत्तरला एक टक्का कमी पडला म्हणून रडणाऱ्या मुलीला कुणीतरी जवळ बसवून हिशेब दाखवायला हवा: पाचशेचा एक टक्का म्हणजे ५ गुण, विषयामागे एक.