काजळीचा डाग

परवा दिवाळीची झाडलोट करताना माळ्यावरून एक जुनी वही निघाली. लग्नाआधी मी सौभाग्यवतीवर केलेल्या कविता तीत होत्या. तिने चष्मा लावून दोन-चार पाने वाचली आणि विचारले, "अहो, ही कोण?"

"तूच की!" मी म्हणालो खरा, पण त्या कमलनयनेत मलाही ती सापडेना.

निम्मी वही खर्ची पडली होती ती आमच्या कान्हेरीच्या सहलीवर. बोरिवलीच्या डोंगरातली ही लेणी. पाण्याच्या टाक्याला तिथे पोढी म्हणतात. अशाच एका पोढीवर इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातला एक लेख कोरलेला आहे. त्यात एका राणीचा उल्लेख येतो. नवरा वासिष्ठीपुत्र सातकर्णी, माहेर कार्दमक कुळातले, बाप महाक्षत्रप. एवढे सारे कळते. कळत नाही ते फक्त तिचे नाव. तेवढाच दगड झिजला!

आणि त्याच सातवाहनांपैकी हाल राजाच्या नावावर असलेली 'गाथासप्तशती' पाहा. महाराष्ट्री प्राकृतातल्या या सातशे गाथा स. आ. जोगळेकरांनी १९५६ साली मराठी वाचकांपुढे ठेवल्या. त्यांत एक गृहिणी आहे. रांधताना तिचा काजळीचा हात तोंडाला लागतो, आणि आता हे मुख हुबेहूब चंद्रासारखे झाले म्हणून नवरा हसतो. बस्स, एवढेच. नाव हिचेही नाही. नाकडोळे कसे, तेही कवी सांगत नाही. तरी ती मला कालच भेटल्यासारखी वाटते.

चंद्र माझ्या वहीतही पुष्कळ होते. डाग मात्र एकाही चंद्राला नव्हता! त्या दिवशी उतरताना हिची चप्पल तुटली आणि दोन्ही चपला हातात घेऊन ही हसत हसत अनवाणी खाली आली. ते वहीत कुठेच नाही. आता गुडघ्यांमुळे तो डोंगर तिला चढवत नाही.

हे तिला सांगावे म्हणून स्वयंपाकघरात गेलो. ती चकलीची भाजणी मळत होती. कपाळावर पिठाचा लांबलचक पट्टा उमटला होता.

"असे बघताय काय? पुसा ना! माझे हात भरलेत."

"थांब जरा," म्हणालो आणि वाण्याच्या यादीवरची पेन्सिल उचलली.