दगडी

मॅस्टायटिसला मराठीत स्तनदाह म्हणतात हे मला तिसऱ्या खेपेला कळलं. तोवर आमच्या घरात त्याला "तिला जरा बरं नाहीये" असं म्हणत होते. बाबांना सांगितलं, ताप आहे. शेजारच्या काकू बाळ बघायला आल्या, त्यांना सांगितलं, कणकण आहे. ऑफिसमधल्या मैत्रिणीचा फोन आला तेव्हा मी स्वतःच "व्हायरल असेल गं" म्हणून मोकळी झाले. पाठ धरली, पोट बिघडलं, हे चारचौघांत सांगता येतं. बाळाला 'अंगावर पाजते' हेही सांगता येतं. पण त्या अंगाला काही झालं की बोलायची पंचाईत!

लेक झाली नोव्हेंबर २०२२ मध्ये, सांगलीला, माझ्या माहेरी. ती तीन आठवड्यांची असताना एका संध्याकाळी डाव्या बाजूला, काखेच्या अंगाला, एक दुखरी जागा हाताला लागली. दोन तासांत हुडहुडी भरली. दोन दुलया, वर आईची शाल, तरी दात वाजतायत. ताप १०३. ज्यांना हे झालंय त्यांना सांगायला नकोच. बाकीच्यांसाठी एवढंच सांगते की फ्लूसारखा ताप आणि गळवासारखा ठणका एकाच वेळी असतो, आणि त्या ठणक्यावर दर दोन तासांनी एक भुकेलं बाळ. लेकीने तोंड लावलं की पहिली दहा-पंधरा सेकंदं मी पलंगाची कड धरून समोरच्या कॅलेंडरवरचे रविवार मोजायचे. त्यात सूज आली की दुधातलं मीठ वाढतं, दूध खारट लागतं. ती दोन घोट घ्यायची, तोंड वेडंवाकडं करायची आणि सोडून द्यायची. मला तिचा राग यायचा. तीन आठवड्यांच्या बाळाचा राग! मग रडू यायचं.

डॉक्टरीणबाईंनी पाच दिवसांच्या अँटिबायोटिकच्या गोळ्या दिल्या, ताप उतरायला पॅरासिटामॉल दिलं आणि पाजणं थांबवू नका म्हणाल्या, बाळाला त्या दुधाने काही होत नाही. हे अगदी बरोबर होतं. शेवटी म्हणाल्या, "आणि ती बाजू प्रत्येक वेळी पूर्ण रिकामी करत जा."

हे वाक्य मी पुढचे पाच महिने उराशी धरलं. (हो, शब्दशः.) आईने धरलं, मालीशवाल्या मावशींनी धरलं. मावशींचा हात म्हणजे काय सांगू... चाळीस वर्षं बाळंतिणी केलेल्या. गरम पाण्याचा शेक, मग तेल, मग दोन्ही अंगठे गाठीवर रोवून "सुटतीय बघ, सुटतीय" म्हणत दाबायचं. त्यानेही भागलं नाही तर लाकडी फणी वरून खाली फिरवायची. मी ओरडले की आई आत निघून जायची. रात्री पुन्हा शेक. त्यानंतर पंप. आणि दोन्ही वेळच्या जेवणाबरोबर अळिवाची खीर, खसखशीची खीर, डिंकाचे लाडू, शतावरी कल्प... सगळं दूध वाढावं म्हणून. नदीला पूर आलेला असताना आम्ही धरणाचे दरवाजे उघडत होतो असं आता वाटतं. सांगलीकरांना ही उपमा नको तितकी कळेल.

पाच दिवसांत उतरलं. जानेवारीत पुन्हा झालं. तीच बाजू, तीच जागा, तीच गोळी. आईने मीठ-मोहऱ्या उतरवून टाकल्या, दुधाला दृष्ट लागली म्हणून. फेब्रुवारीच्या सुरुवातीला तिसऱ्यांदा.

एकदा होणं आणि परत परत होणं यात फरक आहे. एकदा होतं तेव्हा तुम्ही आजारी असता. परत होतं तेव्हा बरं असतानाही तुम्ही वाटच बघत असता. मी दिवसातून वीस वेळा तरी हात लावून बघायचे, कुठे काही लागतंय का. थंडीने जरा शहारा आला तरी थर्मामीटर. लेक रात्री चार तास सलग झोपली तर इतर आयांना आनंद होतो, मी घाबरून तिला उठवायचे. तिच्याकडे मी बाळ म्हणून कमी आणि उपाय म्हणून जास्त बघायला लागले होते. हे लिहितानाही मला बरं वाटत नाहीये, पण होतं ते असं होतं.

आणि याच तिसऱ्या खेपेला काका आले.

काका म्हणजे बाबांचे चुलतभाऊ. मिरजेजवळच्या एका खेड्यात राहतात, सहा गाई आहेत, दूध डेअरीला घालतात. बाळ बघायला तुपाची बरणी घेऊन आले आणि बाहेरच्या खोलीत बसले. मी आत पडलेली. आईने चहा देताना नेहमीचं "जरा बरं नाहीये" सुरू केलं. काका म्हणाले, "म्हणजे काय होतंय?" आई अडखळली. शेवटी हळूच म्हणाली, "दुधाची गाठ आलीय. तापही आहे."

"म्हणजे दगडी," काका म्हणाले. एवढ्या मोठ्याने की शेजाऱ्यांनाही ऐकू गेलं असेल.

बाहेर शांतता. आईचा चेहरा मला आतूनही दिसत होता. काकांना मात्र काहीच वाटलं नव्हतं. गाईची कास सुजून दगडासारखी होते म्हणून दगडी. गोठ्यातला रोजचा शब्द. मग तिथूनच मोठ्याने मला विचारायला लागले, "पोरी, एकाच बाजूला येतीय का दोन्ही?"

मी आतून ओरडले, "एकाच, काका."

"कितीव्यांदा?"

"तिसऱ्यांदा."

"दूध तपासलं का?"

मग त्यांनी आईला समजावून सांगितलं. त्यांच्याकडे चार वाट्यांची एक पट्टी असते, चारही सडांचं दूध वेगवेगळ्या वाटीत घ्यायचं, वर जांभळट औषध ओतून हलवायचं, ज्या वाटीतलं चिकट होईल तो सड बिघडलेला. आणि एकच सड सारखा बिघडत असेल तर जनावरांचे डॉक्टर दुसरं इंजेक्शन देण्याआधी त्या सडाचं दूध तपासायला पाठवतात. जंतू कुठला आहे, कुठल्या औषधाला मरतो ते बघतात. "उगं तेच औषध किती वेळा मारायचं?" काका म्हणाले. "गाईचं करत्यात, पोरीचं नाही व्हय करायचं?"

आई ओशाळली होती. मी मात्र हसत होते, १०२ ताप असताना. तीन महिन्यांत पहिल्यांदा कुणीतरी या गोष्टीबद्दल ती पावसापाण्याची गोष्ट असल्यासारखं बोललं होतं.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाईंना विचारलं. त्या जरा थांबल्या, पण कल्चर लिहून दिलं. लॅबमधला मुलगा म्हणाला, "दूध? भेसळीची टेस्ट आमच्याकडे होत नाही, मॅडम." त्याला चिठ्ठी दाखवली. तो कानापर्यंत लाल झाला आणि बाटली हातात देऊन गायबच झाला. शेवटी आतल्या बाईंनी सांगितलं, की साबणाने हात धुवा, ती जागा स्वच्छ करा, पहिले काही थेंब टाकून द्या, मग हातानेच बाटलीत काढा, पंप नको.

तीन दिवसांनी रिपोर्ट आला. जंतू नेहमीचाच, स्टॅफिलोकॉकस ऑरियस. पण मी तीनदा घेतलेल्या गोळीला तो दाद देत नव्हता. म्हणजे दर वेळी ताप उतरत होता तो बहुधा आपला आपणच, आणि जंतू जागच्या जागी. सोनोग्राफीही झाली, आत पू साठलेला नाही ना हे बघायला. सुदैवाने नव्हता. दुसरी गोळी मिळाली, क्लिंडामायसिन, या वेळी चौदा दिवस. बाळाला जुलाब होतायत का त्याच्यावर लक्ष ठेवायला सांगितलं. झाले नाहीत.

फेब्रुवारीच्या शेवटी पुण्याला आले. मला वाटलं, संपलं.

एप्रिलमध्ये चौथ्यांदा.

आमच्या ऑफिसात २०१७ च्या कायद्याप्रमाणे सव्वीस आठवड्यांची रजा मिळाली, म्हणजे मे महिन्यात कामावर हजर व्हायचं होतं. सगळ्या करतात तसं मीही फ्रीजरमध्ये साठा करायला लागले होते. लेकीला पाजलं की वर पंप, रात्री तीनला उठून पंप. पाकिटांवर तारखा घालून रचून ठेवलेली. चाळीसेक पाकिटं झाली होती. आणि डावी बाजू लालभडक.

या वेळी एका मैत्रिणीने स्तनपान सल्लागार बाईंकडे पाठवलं. त्यांनी अर्धा तास माझं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "रिकामी कुणी करायला सांगितली?"

त्या जे म्हणाल्या ते मी इथे नीट लिहिते, कारण कुणाच्या तरी उपयोगी पडेल. मॅस्टायटिसबद्दलचा सल्ला २०२२ मध्ये बराच बदलला. अकॅडमी ऑफ ब्रेस्टफीडिंग मेडिसिन या डॉक्टरांच्या संस्थेने नवीन मार्गदर्शन काढलं. गाठ म्हणजे नळीत अडकलेला दह्याचा गोळा, दाबला की सुटेल, असं नसतं. बारीक बारीक नळ्यांच्या भोवतीची सूज असते ती, आणि दाबलं की आणखी सुजते. मुरगळलेल्या पायावर कुणी अंगठे रोवत नाही. म्हणून जोरात मालीश नको. बर्फ लावायचा, सूज उतरवणारं आयबुप्रोफेन डॉक्टरांना विचारून घ्यायचं, आणि हात फिरवायचाच तर मांजराला कुरवाळतो तितपत, काखेच्या दिशेने. आणि पूर्ण रिकामं करायचं नाही! जितकं काढाल तितकं शरीर बनवतं. थोडं आत राहिलं तरच शरीराला कळतं की पुरे झालं. बाळ मागेल तेवढं, मागेल तेव्हा, एवढंच पाजायचं. पंप बंद, पण एकदम नाही, आठ-दहा दिवसांत हळूहळू कमी करत. चोवीस तासांत उतार पडला नाही किंवा जास्त वाटलं तर मात्र डॉक्टरांकडे, तिथे हयगय नको.

आता बर्फ! सासूबाई तेव्हा आमच्याकडेच होत्या. बाळंतिणीच्या अंगाला बर्फ? पाच महिने झाले म्हणून काय झालं? आपल्याकडे बाळंतिणीला पंख्याचा वारा लागू देत नाहीत, कान बांधतात, गार पाण्यात हात घालू देत नाहीत. मी रुमालात बर्फाचे खडे बांधून खोलीत गेले, दार लावून घेतलं. दोन दिवस त्या काही बोलल्या नाहीत. त्यांचं न बोलणं काय असतं ते आमच्या घरातल्यांना विचारा.

तिसऱ्या रात्री दोनच्या सुमाराला दार वाजलं. सासूबाई उभ्या. हातात वाडगा, त्यात बर्फ, आणि एक स्वच्छ पंचा. बाजूला बसल्या. लेकीला मांडीवर घेतलं. म्हणाल्या, "माझं पिकलं होतं."

१९८८ ची गोष्ट. माझा नवरा दीड महिन्याचा. गावात होत्या, आठ दिवस कुणाला सांगितलंच नाही, सांगणार कुणाला? तालुक्याला नेईपर्यंत गळू झालं होतं. चीर दिली. रोज जखमेत कापडाची वात भरायची आणि दुसऱ्या दिवशी ओढून काढायची. बाळाला तोडा म्हणाले, गाईच्या दुधावर ठेवा. हल्ली पू झाला तरी बहुतेक वेळा सोनोग्राफीत बघून सुईने काढतात आणि पाजणंही चालू ठेवता येतं, हे मी त्यांना सांगितलं. त्या नुसत्या ऐकत होत्या.

लग्न झाल्यापासून मी या घरात ऐकत आले होते, की "आईंना दूधच आलं नाही." नणंदेने सांगितलं होतं, खुद्द नवऱ्याने हसत हसत सांगितलं होतं, गाईच्या दुधावर वाढलो म्हणून असा धष्टपुष्ट. "तेच सांगायला सोपं पडलं," सासूबाई म्हणाल्या. "तुझ्या सासऱ्यांना माहीत होतं. मुलांना काय सांगायचं?" मग पदर जरा बाजूला करून त्यांनी व्रण दाखवला. चांगला बोटभर लांब. "धर तो बर्फ नीट," म्हणाल्या, "सगळं पाणी गादीवर गळतंय."

सूज दोन दिवसांत उतरली, या खेपेला गोळ्याही लागल्या नाहीत. पंप कमी केला तशी डावी बाजू ताळ्यावर आली. ती फ्रीजरमधली चाळीस पाकिटं मे महिन्यात तीन आठवड्यांत संपली, मग ऑफिसात दिवसातून दोनदा काढायचे, तेही लेकीला लागेल तेवढंच. एका मीटिंगला उशीर झाला तेव्हा साहेबांना कारण सांगितलं, स्पष्ट मराठीत. ते म्हणाले, "हो हो, ठीक आहे ठीक आहे," आणि लगेच लॅपटॉपकडे बघायला लागले.

लेक आठ महिन्यांची असताना पाचव्यांदा जरा चाहूल लागली. संध्याकाळी दुखरी जागा, अंग मोडून आलेलं. सासूबाईंना गावी फोन केला, तर त्या म्हणाल्या, "बर्फ आहे ना घरात?" सकाळपर्यंत ओसरलं होतं. नंतर काही झालं नाही. चौदाव्या महिन्यात लेकीने आपणहून सोडलं, एका आठवड्यात, मागे वळूनही न बघता.

काकांचा अजून महिन्या-दोन महिन्यांनी फोन येतो. बाबांकडे चौकशी, पिकाची रड, मग मला, "काय पोरी, दगडी आली न्हाई ना परत?" आता काही यायची नाही, काका, ती आता पोळी-भाजी खाते, हे मी त्यांना चारदा तरी सांगितलंय. मग ते त्यांच्या गाईंचं सांगतात. मागच्या वेळी एकीचा मागचा डावा सड धरला होता. मी विचारलं, दूध तपासलं का?