पुडीवर नाव नाही

सध्या सोयाबीनची सोंगणी जोरात आहे. संध्याकाळी आपल्या शेलूबाजारच्या चौकात कोणत्याही मेडिकलसमोर पाच मिनिटं उभं राहा. एक वाक्य हमखास कानावर पडेल : "भाऊ, आंग लय ठणकून राह्यलं, दोन डोज दे."

काउंटरवरचा पोरगा काही विचारत नाही. शुगर आहे का, बीपीची गोळी चालू आहे का, आधी कधी पोटात जळजळ झाली का, काहीच नाही. तीन-चार पत्त्यांतून एकेक गोळी काढतो, कागदाच्या तुकड्यात बांधतो आणि सांगतो, "एक आत्ता जेवून घे, एक सकाळी." घेणाराही विचारत नाही. सकाळी उठला की अंग हलकं, माणूस परत वावरात.

हे लिहितोय ते कोणाला शहाणपण शिकवायला नाही. आपली माणसं डॉक्टरकडे का जात नाहीत, हे मला चांगलं माहीत आहे. एक दिवस डॉक्टरकडे गेला तर रोज बुडतो. वरून ऑटोचं भाडं, तपासणीची फी, आणि रक्त-लघवी तपासायला सांगितली तर तो खर्च वेगळाच. सोंगणीची टोळी एकराच्या हिशोबानं काम घेते, त्यात एक माणूस घरी बसला की बाकीच्यांवर भार पडतो. उलट मेडिकल रात्री नऊलाही उघडं असतं, उधारीही चालते आणि तिथं नंबर लावावा लागत नाही. ज्याच्याकडे वेळ आणि पैसा दोन्ही नाही, त्याच्यासाठी मेडिकलवालाच डॉक्टर. हा मूर्खपणा नाही, हा हिशोब आहे.

फक्त या हिशोबात एक रक्कम धरलेलीच नसते. ती काय, हे आमच्या घरानं पाहिलं.

माझे काका. वय साठीच्या पुढं, दोन्ही गुडघे गेलेले. दीड-दोन वर्षं ते एका मेडिकलमधून पुडी आणायचे. गाव आणि दुकान सांगत नाही, कारण प्रश्न एका दुकानाचा नाही. सुरुवातीला जास्त दुखलं की घ्यायचे, मग रोजची झाली. गुण असा आला की विचारू नका. भूक वाढली, चेहरा भरला, गाल गुबगुबीत झाले. पाहुणे म्हणायचे, "बुढ्याची तब्येत सुधारली बाप्पा." मधे पायाला जखम झाली ती लवकर भरेना, म्हणून तपासलं तर शुगर निघाली. ती वयानं आली असं सगळ्यांनी धरलं.

मग नात्यातल्या एका लग्नासाठी ते बाहेरगावी गेले, पुडी घरीच राहिली. चौथ्या दिवशी उलट्या, चक्कर, उठून बसायची ताकद नाही. अकोल्याला नेलं. बीपी पार खाली. डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न विचारला, "कोणत्या गोळ्या चालू होत्या?"

काकू म्हणाल्या, "एक पांढरी, एक पिवळी, अन् एक बारीक."

घरून पुडी मागवली. कागदात तीन गोळ्या. नाव नाही, कंपनी नाही, तारीख नाही. डॉक्टरांनी तो कागद उलटासुलटा करून पाहिला आणि बाजूला ठेवला. अंदाज बांधून उपचार सुरू करावे लागले. ती बारीक गोळी स्टेरॉईडची असावी, असं त्यांनी सांगितलं. लक्षणं आणि तपासण्या तेच दाखवत होत्या. काका वाचले. पण पुढं कित्येक महिने गोळीचा डोस थोडा थोडा कमी करत आणावा लागला, आणि शुगर मात्र कायमची राहिली.

त्यांनी तेव्हा जे समजावलं ते सगळ्यांना कळावं, म्हणून ही पोस्ट.

आपल्या दोन्ही मूत्रपिंडांच्या डोक्यावर एकेक लहान ग्रंथी असते. शरीराला लागणारं स्टेरॉईड ती स्वतः बनवते. बाहेरून रोज गोळी मिळाली की ती काम करणं सोडते. मग गोळी एकदम बंद केली की शरीराकडे ना बाहेरचं असतं ना घरचं. माणूस कोसळतो तो यामुळे. शिवाय जास्त दिवस घेतलं की चेहरा सुजतो, शुगर वाढते, हाडं ठिसूळ होतात, जखमा भरत नाहीत, साधा संसर्गही अंगावर बेततो. आपण ज्याला "तब्येत सुधारली" म्हणतो, ती कधीकधी सूज असते.

स्टेरॉईड वाईट औषध नाही हेही सांगतो. दमा, काही सांध्यांचे आजार, कोविड, यांत त्यानं जीव वाचवले आहेत. पण कोणाला, किती, किती दिवस, हे ठरवणारा माणूस पाहिजे.

दुसरी गोळी दुखण्याची. डायक्लोफेनॅक हे नाव पुष्कळांना माहीत असेल. या औषधाची एक गोष्ट आपल्या जुन्या माणसांना वेगळ्या अंगानं माहीत आहे, फक्त तिचं कारण माहीत नाही. ढोर मेलं की आभाळातून गिधाडं उतरायची, ती कुठं गेली? १९९० नंतर ती देशभर झपाट्यानं संपत गेली. पांढऱ्या पाठीची गिधाडं तर शंभरातली नव्याण्णवहून जास्त गेली. कारण सापडलं २००४ मध्ये. आजारी जनावरांना डायक्लोफेनॅक द्यायचे, ते जनावर मेलं की गिधाडं खायची आणि त्यांची मूत्रपिंडं निकामी व्हायची. भारतात २००६ मध्ये जनावरांसाठी हे औषध बनवणं बंद झालं. पण माणसांच्या इंजेक्शनच्या मोठ्या बाटल्या ढोरांना वापरणं सुरूच राहिलं, म्हणून २०१५ मध्ये माणसांसाठीचं इंजेक्शनही तीन मिलीच्या एका डोसपुरतंच ठेवलं गेलं.

माणूस म्हणजे गिधाड नाही. एक गोळी घेतली की किडनी जाते असं कोणी समजू नये. पण दिवसभर उन्हात घाम गाळलेला, पाणी कमी प्यालेला, त्यात बीपीची गोळी चालू असलेला माणूस रोज दुखण्याची गोळी खातो, तेव्हा ताण त्याच किडनीवर येतो. आणि किडनी ओरडत नाही. गुडघा दुखतो, दाढ दुखते, किडनी बरीच खराब होईपर्यंत गप्प असते. रिकाम्या पोटी हीच गोळी जठराला जखमही करते, आणि काळी शौच होईपर्यंत बऱ्याच जणांना ते कळत नाही.

तिसरी गोळी कधी पित्ताची, कधी अँटिबायोटिक. अंगदुखीला अँटिबायोटिकचं काय काम, हे देणाऱ्यालाच माहीत. २०१६ पासून सरकार सांगतंय की ज्या पत्त्यावर उभी लाल रेघ आहे ते औषध डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय घेऊ नका. आता विचार करा, पुडीत लाल रेघ दिसणार कुठून? ती तर पत्त्यावर राहिली, दुकानातच.

कायदा काय म्हणतो? कायदा जुना आहे, १९४० चा. त्याच्या नियमांत अनुसूची एच आहे. त्यातली औषधं डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत आणि फार्मासिस्टच्या देखरेखीशिवाय द्यायची नाहीत. डायक्लोफेनॅक आणि वर सांगितलेली स्टेरॉईडची गोळी, दोन्ही त्यातच येतात. १ मार्च २०१४ पासून अनुसूची एच-१ लागू झाली. त्यातल्या औषधांसाठी पेशंटचं नाव, डॉक्टरचं नाव, औषध आणि किती दिलं, हे वेगळ्या रजिस्टरमध्ये लिहून तीन वर्षं जपायचं असतं. म्हणजे कागदावर सगळं आहे. गावात मात्र बऱ्याच ठिकाणी भिंतीवर सर्टिफिकेट एकाचं असतं आणि कात्री दुसऱ्याच्या हातात.

महाराष्ट्रात हे बदलायचा प्रयत्न झालाच नाही असं नाही. महेश झगडे अन्न व औषध प्रशासनाचे आयुक्त होते तेव्हा, २०१२-१३ च्या सुमाराला, चिठ्ठी आणि फार्मासिस्ट या दोन गोष्टींवर त्यांनी जोर धरला. दुकानांवर कारवाया झाल्या. औषधविक्रेत्यांनी विरोध केला, बंद पुकारले. त्यांचं एक म्हणणं अगदीच खोटं नव्हतं : खेड्यात डॉक्टरच नसेल तर चिठ्ठी आणायची कुठून? या प्रश्नाचं उत्तर दिल्याशिवाय नुसती धाड टाकून काही होत नाही. साहेब बदलतो आणि पुडी परत सुरू होते.

म्हणून मी "मेडिकलवर जाऊ नका" म्हणणार नाही. कोणी ऐकणार नाही, आणि ते शक्यही नाही. माझं मागणं लहान आहे. ज्या औषधाचं नाव माहीत नाही, ते पोटात घालू नका.

यासाठी करायचं काय?

१) पुडी नको, पत्ता मागा. पूर्ण पत्ता नको असेल तर कापलेल्या तुकड्यावर नाव आणि तारीख राहील असं कापून मागा. नाही जमलं तर मोबाईलनं पत्त्याचा फोटो काढा. प्रत्येक टोळीत एक तरी मोबाईल असतोच.

२) बिल मागा. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात बिल न देणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. दहा रुपयांचं असलं तरी बिलावर औषधाचं नाव येतं, आणि नाव लिहायचं म्हटलं की देणारा दहा वेळा विचार करतो.

३) शुगर, बीपी, किडनी, दमा, पोटात बाळ, यातलं काही असेल तर दुकानात आधी ते सांगा. त्यानं विचारायची वाट पाहू नका.

४) घरात कोणी महिनोन्‌महिने पुडी घेत असेल तर हे वाचून ती एकदम बंद करू नका. आमच्या काकांचं काय झालं ते वर लिहिलंय. उरलेल्या गोळ्या घेऊन आधी डॉक्टरकडे जा.

५) १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत तपासणी आणि उपचार मोफत आहेत. केसपेपरचेही पैसे नाहीत. आपलं प्राथमिक आरोग्य केंद्र, मंगरूळपीरचं ग्रामीण रुग्णालय, दोन्ही त्यात येतात. तिशीच्या पुढच्यांची शुगर-बीपी तपासणीही फुकट होते.

आता कोणी म्हणेल, फुकट आहे पण वावरातून येईपर्यंत तपासणीची वेळ संपलेली असते. बरोबर आहे. म्हणून शेवटची गोष्ट ग्रामसभेची. सोंगणीच्या आणि तुरीच्या हंगामात आरोग्य केंद्राची तपासणी संध्याकाळी उशिरापर्यंत सुरू ठेवावी, असा ठराव आपण पुढच्या ग्रामसभेत मांडू. मजूर मोकळा होतो सात वाजता, तर दवाखान्यानंही निदान दोन महिने सात वाजता त्याच्यासाठी उघडं असावं. आपल्या शेजारून समृद्धी महामार्ग गेला, काही तासांत माणूस नागपूरला पोहोचतो. संध्याकाळचे दोन तास डॉक्टर मिळणं ही त्यापुढं काही मोठी मागणी नाही.

मेडिकलवाले आपलेच आहेत. रात्री-बेरात्री शटर उघडून त्यांनी कित्येकांना मदत केली आहे, ते कोणी विसरणार नाही. त्यांनाही हात जोडून एवढंच म्हणणं आहे : आम्ही मागितलं म्हणून देऊ नका, आणि द्याल त्यावर नाव असू द्या.

आज घरी गेल्यावर म्हाताऱ्यांच्या उशाखाली, डब्यात, धोतराच्या गाठीत बघा. कागदाची पुडी सापडली तर त्यांना रागावू नका. "हे काय आहे?" एवढं विचारा. उत्तर "पांढरी अन् पिवळी" असं आलं, तर उद्याचा रोज बुडाला तरी चालेल, त्यांना घेऊन दवाखान्यात जा.