मक्त्यानं घेतलेला उन्हाळा

१९८६ साली मी दारव्ह्याला बारावीत होतो. इंग्रजीच्या पेपरात कवितेतली एखादी ओळ देत आणि तिच्यातली ‘फिगर ऑफ स्पीच’ ओळखायला सांगत. त्यासाठी आमच्यात एक सोपी युक्ती फिरत असे. ओळीत ‘लाइक’ किंवा ‘अ‍ॅज’ दिसलं की सिमिली, म्हणजे आपली उपमा. ते नसून तुलना असली की मेटाफर, म्हणजे रूपक. बाकीची नावं पाठ करायची आणि परीक्षेत नशिबावर सोडून द्यायची.

आमच्या इंग्रजीच्या सरांनी पहिल्याच आठवड्यात फळ्यावर दोन वाक्यं लिहिली. एका वाक्यातल्या मुलाला आंबे आवडत होते, दुसऱ्यातला त्याचा बाप कारकून म्हणून नोकरी करत होता. पहिल्यात ‘लाइक’ होतं, दुसऱ्यात ‘अ‍ॅज’. अख्ख्या वर्गानं दोन्हीकडे सिमिली असल्याचं सांगितलं. सर रागावले नाहीत. म्हणाले, “पोट्टेहो, डोळ्यानं शोधू नका. कोणती वस्तू कोणत्या वस्तूजवळ आणून ठेवली, ते पाहा. आंब्याजवळ इथं काय ठेवलंय? काहीच नाही. मग उपमा कुठली?”

अनुप्रासाचंही तसंच. आपण देवनागरीत जे लिहितो तेच वाचतो. त्यामुळे ‘किंग’ आणि ‘नाइफ’ या दोन्ही शब्दांच्या आरंभी ‘के’ दिसला की आम्ही अ‍ॅलिटरेशन लिहून मोकळे. सर डोळे मिटायला लावत आणि शब्द मोठ्यानं म्हणत. ‘नाइफ’मधला ‘के’ मुका आहे, तो कानाला भेटतच नाही. उलट ‘फोन’ आणि ‘फॅन’ची स्पेलिंगं वेगळ्या अक्षरांनी सुरू होतात, तरी कानाला ती सख्खी भावंडं. त्या आंधळ्या तासांमध्ये मला इंग्रजी पहिल्यांदा ऐकू आलं.

पण माझ्या मनात घर करून बसला आहे तो शेक्सपिअरच्या अठराव्या सुनीताचा तास. ते आमच्या अभ्यासक्रमात नव्हतं. शेक्सपिअरची १५४ सुनीतं १६०९ मध्ये छापली गेली, त्यातलं हे सर्वांत लाडकं, एवढं सांगून सरांनी अर्थ सांगायला सुरुवात केली. कवी विचारतो, प्रिय व्यक्तीची तुलना उन्हाळ्यातल्या दिवसाशी करू का? आम्ही एकमेकांकडे बघू लागलो. आमचा उन्हाळा म्हणजे पारा ४५ अंशांपर्यंत चढलेला, भेगाळलेलं वावर, कोरडी विहीर, उपरण्यात बांधलेला कांदा. अशा दिवसाची उपमा आपल्या माणसाला कोण देईल? एकानं तसं विचारलंही.

सर खुर्चीवरून उठले. जूनमध्ये लंडनला सोळा तासांहून जास्त उजेड असतो, तिकडची माणसं वर्षभर त्या दिवसांची वाट बघत असतात, असं त्यांनी सांगितलं. मग म्हणाले, “पाऊस उघडल्यावर अश्विनात आपल्याकडे जे कोवळं ऊन पडते ना, ते डोळ्यापुढे आणा. शब्दकोशात ‘समर’ म्हणजे उन्हाळा असेल, पण या कवितेत तो आपला अश्विन आहे.”

पुढे त्यांनी आणखी एक गाठ सोडवली. शेक्सपिअरनं उन्हाळ्याच्या अल्प मुदतीसाठी जो शब्द वापरला, तो कवितेतला नाहीच, जमिनीच्या व्यवहारातला आहे: लीज. सर म्हणाले, “म्हणजे उन्हाळ्यानं हे दिवस मक्त्यानं घेतलेत. मुदत सरली की वावर परत करावं लागते.” मागच्या बाकांवर मक्त्यानं वावर करणाऱ्यांची पोरं बसायची. मुदत सरणं काय असतं, हे त्यांना कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. वर्ग एकदम शांत झाला. मेटाफरची व्याख्या त्या दिवशी कोणी लिहून घेतली नाही, आणि पुढे तिची गरजही पडली नाही.

पर्सॉनिफिकेशन शिकवायला तर त्यांना पुस्तकच लागलं नाही. यवतमाळ ते मूर्तिजापूर ही ११३ किलोमीटरची नॅरोगेज गाडी दारव्ह्यावरून जायची. लोहमार्ग किलिक-निक्सन या ब्रिटिश कंपनीचा, वाफेचं इंजिन १९२१ साली मँचेस्टरला घडवलेलं, आणि गाडीचं नाव मात्र शकुंतला. ‘ती आली का?’, ‘आज रुसली वाटते’, ‘चढावर दमली’ असंच सगळे बोलत. शिट्टी वाजली की सर खडू खाली ठेवत आणि खिडकीकडे बोट दाखवत. आमची चेतनगुणोक्ती धूर सोडत निघून जाई. १९९४ मध्ये ते इंजिन जाऊन डिझेल आलं. आता तर गाडीच धावत नाही, पण दारव्ह्याची माणसं तिच्याविषयी बोलताना अजूनही ‘ती’च म्हणतात, आणि ऐकून माझा जीव हलतो.

दिवाळीच्या सुट्टीत त्यांनी गृहपाठ दिला: घरात ऐकलेली दहा वाक्यं आणायची, प्रत्येकातली फिगर ओळखायची. त्याच आठवड्यात आमच्याकडे सीतादही होतं. कापसाच्या पहिल्या वेचणीआधी विदर्भात ही पूजा करतात. मायनं पऱ्हाटीच्या बुडाशी पाच दगड मांडले, हळदकुंकू वाहिलं, दहीभात ठेवला. संस्कृतात सीता म्हणजे नांगराची तास, हे मला पुढे कॉलेजात कळलं. मायला ते ठाऊक नव्हतं, तरी तिनं त्या तासेत उभं राहूनच हात जोडले. अंधारून आल्यावर कापसाचं गाठोडं डोक्यावर घेतलं आणि निघताना वावराकडे वळून म्हणाली, “येतो वं माय.”

मी वहीत ते वाक्य लिहिलं आणि पुढे अ‍ॅपॉस्ट्रॉफी असं नाव दिलं, कारण जे बोलू शकत नाही त्याला तिनं हाक मारली होती. सुट्टी संपल्यावर वही परत मिळाली. सरांनी ‘येतो’खाली लाल रेघ ओढली होती. मला वाटलं, चुकलं. शेजारी त्यांच्या बारीक अक्षरात लिहिलं होतं: “बरोबर. पण ती जात होती ना? मग हा युफेमिझमसुद्धा. मायला माझा नमस्कार सांग.”