कात आणि कूलर

‘कात टाकणे’ हा वाक्प्रचार आपल्या वर्तमानपत्रांनी इतका वापरला आहे की सापांनी त्यावर रॉयल्टी मागायला हरकत नाही. बसस्थानकाला रंग दिला, कात टाकली. पक्षाने तालुकाध्यक्ष बदलला, कात टाकली. आमच्या बँकेत नवे काउंटर बसले तेव्हा आत बसणारे आम्ही तेच होतो, तरी शाखेने कात टाकली. माझं या विषयातलं ज्ञान कॉमर्सच्या पदवीधराला शोभेल इतपतच. विड्यातला ‘तो’ कात आणि सापाची ‘ती’ कात, संपलं.

पुढचं शिक्षण ताईमुळे झालं. माझी थोरली बहीण अकोल्याची, म्हणजे मे महिन्यात ४५ अंशांत गच्चीवर कुरडया घालणारी बाई. गेल्या हिवाळ्यात ती मुलाकडे मिशिगनला गेली आणि आठव्या दिवशी अमरावतीला फोन.

“अरे, यानं घरात अजगर पाळला बाप्पा!”

भाच्याचं म्हणणं, आपला अजगर नव्हे, हा बॉल पायथन. आफ्रिकेतली जात, वाढून वाढून तीन ते पाच फूट. घाबरला की स्वतःचाच चेंडू करून डोकं आत लपवतो. (ऑडिटच्या दिवशी अशी सोय आम्हालाही हवी.) इकडे त्याने साधी धामण पाळली असती तरी १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यापायी मामाला जामीन शोधत फिरावं लागलं असतं. तिकडे साप दुकानात मिळतो आणि त्याला खायला गोठवलेले उंदीरही मिळतात. ते फ्रीजरमध्ये, ताईने नेलेल्या पुरणपोळ्यांच्या शेजारी. ताईने पोळ्या काढून बर्फातल्या व्हरांड्यात ठेवल्या. उंदरांचा मान राहिला.

महिन्याभराने दुसरा फोन. “याचे डोये पांढुरके निळे झाले रे. माह्यासारखा मोतीबिंदू झाला वाटते.”

ताईच्या उजव्या डोळ्यात मोतीबिंदू आहे. तो पिकायची वाट पाहू नका, असं डॉक्टर दोन वर्षं सांगताहेत. ताई आंब्याच्या हिशोबाने चालते.

सापाचा मात्र मोतीबिंदू नव्हता. सापाला पापण्याच नसतात. उघड्या डोळ्यांनी झोपणारा प्राणी मी तोवर फक्त आमच्या लेखा विभागात पाहिला होता. पापणीच्या जागी सापाच्या डोळ्यावर काचेसारखा पारदर्शक खवला असतो, चष्माच म्हणा ना. कात टाकायच्या आधी जुन्या आणि नव्या कातडीच्या मधे द्रव साचतो, म्हणून डोळा दुधाळ दिसतो. त्या दिवसांत सापाला धड दिसत नाही, तो चिडका होतो, बहुधा जेवतही नाही. मग डोळे निवळतात, आणि आणखी काही दिवसांनी तो नाक घासून ओठापासून कात सोडवत निघतो. कात उलट्या मोज्यासारखी निघते, डोळ्यांवरच्या दोन चष्म्यांसकट.

याची निघाली ती तुकड्यातुकड्यांनी, जुन्या भिंतीच्या चुन्यासारखी. थंडीत तिथे घरं तापवतात आणि हवा पार कोरडी होते. शेपटीच्या टोकाला कातीचं कडं राहिलं. असं कडं आवळत गेलं तर टोकाचं रक्त थांबतं. आणि उजव्या डोळ्यावरचा चष्मा उतरलाच नाही. भाच्याने चिमटा आणला.

“हात लावू नको त्या डोयाले! खपली कोनी ओढते का?”

ताईला सर्पशास्त्र येत नाही, पण खपलीचं शास्त्र येतं. जुना चष्मा ओढताना खालचा नवाही फाटला तर डोळा कायमचा जाऊ शकतो. सापांच्या डॉक्टरनेही तेच सांगितलं. शेपटीला कोमट पाणी, डोळ्याला हात नाही, पुढची कात येईपर्यंत ओलावा. फीचे ताईने रुपये केले. “एवढ्यात माह्ये दोन्ही डोये झाले असते.”

पण ओलावा कसा द्यायचा, हे मिशिगनने अकोल्याला शिकवायचं? माठाला ओलं फडकं, कूलरला वाळ्याच्या ताट्या, यात ताईचा जन्म गेला. भाच्याने प्लास्टिकच्या डब्याला भोक पाडून आत ओलं शेवाळ भरलं. ते पिळून किती ओलं ठेवायचं, हे ताईने हातात घेतलं. सगळा पिंजरा चिंब केला तर कातडीला फोड येतात, म्हणून ओला तो डबाच. रोजचा अहवाल मला, तोही पेन्शनच्या रांगेसमोर. ती झोपायच्या आधी फोन करी, आमच्याकडे सकाळ असे. रांगेतले आजोबा पासबुक पुढे करायच्या आधी विचारू लागले, “काय म्हनते सापाचा डोया?”

मधे एकदा ताई हळू आवाजात म्हणाली, “त्यालेही उजव्याच डोयानं दिसत नाही रे. मी आली की डावीकडून मान वळवते.” त्या दिवशी मी रांगेला काही सांगितलं नाही.

सहाव्या आठवड्यात फोन आला. “निघाली! अख्खी निघाली! अन् उजव्या डोयाचा चष्मा डबल हाय!”

मी रांगेत जाहीर केलं. एका आजोबांनी त्या कातीचा तुकडा मागवायला सांगितला. तिजोरीत ठेवला की पैसा टिकतो म्हणे. ठेवीवरचे व्याजदर पाहता मला त्यांची समजूत घालवेना.

फोनवर ताई अजून होतीच. “अन् आयक, माह्या डोयाची तारीख घेऊन ठेव. मार्चातलीच घे. एप्रिलात कूलरच्या ताट्या बदलाच्या असतेत.”