अकरावे ताट

दिवाळीचा शेवटचा लाडू संपला, डबे घासून फळीवर पालथे पडले, की तुम्ही सुटलात. आमच्या घरी तेच डबे महिन्याभरात पुन्हा खाली येतात. आम्ही नेवासे तालुक्यातले ख्रिस्ती शेतकरी. आमचा फराळ मात्र तुमचाच. करंजी, चकली, शंकरपाळी, अनारसे, सगळे तेच. भर फक्त केकची आणि नानकटाईची.

हे एवढे कशाला करायचे, विकत आणावे, असे थोरला मुलगा दरवर्षी म्हणतो. त्याला मी कोनाड्यातल्या भिंतीकडे बोट दाखवते. तिथे सासूबाईंनी खिळ्याने रेघा ओढून ठेवल्या होत्या. दिवाळीला जेवढ्या घरांतून फराळाचे ताट येई तेवढ्या रेघा. अकरा. तेवढी ताटे नाताळला आमच्याकडून जायची. दुकानातल्या पुड्याने ही रेघ फिटत नाही, असे त्या म्हणत.

यंदाच्या, म्हणजे २०२५ च्या दिवाळीत दहाच ताटे आली. अकरावे कोणाचे आले नाही ते मला न मोजताच कळले होते. आमच्या बांधाला बांध असलेल्या घरचे. मे महिन्यात कालव्याचे आवर्तन सुटले तेव्हा चारीच्या पाळीवरून दोन्ही घरांची जुंपली. त्यांनी आमच्या पाळीतले तासभर पाणी घेतले असे आमच्या यांचे म्हणणे. आम्ही आधी अर्धा तास जास्त घेतला होता असे त्यांचे. खरे सांगायचे तर दोन्ही खरे होते. तेव्हापासून बोलणे बंद.

आता तो नाताळचा आठवडा ऐका. सप्टेंबरच्या पावसाने कांद्याचे पहिले रोप वाफ्यातच सडले. दुसऱ्यांदा टाकले ते लागणीला आले नेमके डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात. बायका मिळत नव्हत्या. मिळाल्या त्या म्हणाल्या, शुक्रवारीच येऊ, पुढे आम्ही दुसरीकडे बोललो आहोत. आणि शुक्रवारीच शाळेचे स्नेहसंमेलन! धाकटीचे शेतकरी नृत्य होते. हिरवे नऊवारी लुगडे, कमरेवर टोपली. जोडीला कोण, तर त्याच घरची मुलगी. गुरुजींना बिचाऱ्यांना आमचे पाणी काय ठाऊक!

लुगडे पिशवीत घालून तिला पुढे पाठवले आणि म्हटले, नेसवायला येते. पण शेवटचे दोन वाफे काही उरकेनात. चिखलाचे पाय चारीत धुऊन मी शाळेत पोहोचले तर नाच सुरू होण्याच्या बेतात. धाकटी रांगेत उभी, लुगडे नेसून, काष्टा असा घट्ट की मला स्वतःला तसा जमत नाही. नाच संपल्यावर विचारले, कोणी नेसवले? म्हणाली, "काकूने. तिचीच पिन लावली." काकू पुढच्या ओळीत बसली होती. तिने मागे वळून पाहिले नाही, मीही हाक मारली नाही.

रविवारी चर्चमध्ये मुलांचे नाटक. मधला मेंढपाळ झाला होता. त्याने घरचे घोंगडे पांघरले ते ठीक, पण न सांगता आमचे करडूही नेले. करडाने भर नाटकात गव्हाणीतला कडबा खायला सुरुवात केली. पाळकसाहेबांनाच हसू आवरेना, मग बाकीच्यांचे काय सांगावे!

सोमवारी भट्टी. ज्यांनी केली नाही त्यांच्यासाठी नानकटाईचे माप सांगते. एक किलो मैद्याला पाव किलो बेसन, पाऊण किलो पिठीसाखर, पाऊण किलो तूप आणि वेलची. तूप आणि साखर हाताने फेसायची, पांढरी आणि हलकी होईतो. हात दुखला म्हणजे अर्धे काम झाले. मग मैदा नि बेसन चाळून घालायचे, हलक्या हाताने गोळा करायचा, जास्त मळायचे नाही. डबा घेऊन बाजाराच्या गावी भट्टीवर जायचे, चाचांकडून पत्रे घ्यायचे आणि तिथेच फरशीवर बसून गोल वळायचे. पत्र्यावर आपल्या नावाची चिठ्ठी. नाताळच्या आठवड्यात नंबर लागायला तीन-चार तास जातात. चाचा एवढ्या वर्षांत एकदाही कोणाचा पत्रा चुकलेले नाहीत. केक मात्र मी घरीच करते, रव्याचा, सासूबाईंच्या पद्धतीने. पातेल्यात वाळू तापवायची, त्यात तूप लावलेला डबा ठेवायचा, वर परात आणि परातीत निखारे. खाली आच मंद हवी, नाही तर बूड करपते. यंदा थोडे करपलेच. सुरीने खरवडून काढले, कोणाला कळले नाही.

मंगळवारी रात्री गाणारी मंडळी आली. डफ, पेटी, वीस माणसे, सगळ्यांना चहा. त्या आठवड्यात शेतीला वीज रात्रीची. हे विहिरीवर मोटारीपाशी. तरुण मंडळी म्हणाली, मालक तिकडे तर आम्हीही तिकडेच. निघाली मळ्यात. मी किटली घेऊन मागोमाग. ओल्या गव्हाच्या कडेला उभे राहून त्यांनी गायले. बांधापलीकडे शेजाऱ्यांचेही पाणी चालू होते. त्यांची बॅटरी बाऱ्यावरून बाऱ्यावर फिरत होती, ती गाणे सुरू होताच एका जागी थांबली. गाणे संपेपर्यंत हलली नाही.

आता त्या अकराव्या ताटाचे मोल तुम्हाला सांगायला हवे. नगरला अमेरिकन मिशन आले १८३१ साली. आमच्या तालुक्यात वडाळ्याला त्यांचे ठाणे झाले. १८७६ ते ७८ च्या दुष्काळानंतर खेड्यापाड्यांतली पुष्कळ कुटुंबे ख्रिस्ती झाली, त्यांतली बरीच गावकुसाबाहेरची. धर्म नवा झाला, वेस तीच राहिली. लक्ष्मीबाई टिळक नगरला नि राहुरीला राहिल्या. मनातले सोवळेओवळे सुटायला आपल्याला किती वेळ लागला, हे त्यांनी 'स्मृतिचित्रे'त मोकळेपणाने लिहिले आहे. त्यांच्यासारख्या बाईला वेळ लागला, तर गावाला लागणारच.

सासूबाई १९६८ साली या घरात आल्या. तेव्हा नाताळला गावात आमच्याकडून शिधा जायचा. रवा, साखर, खोबऱ्याची वाटी, सगळे कोरडे. आमच्या हातचे शिजवलेले कोणी घेत नसे. मग १९७२ चा दुष्काळ पडला. सासूबाई नि शेजारच्या आजी एकाच दुष्काळी कामावर खडी फोडायला. कधी एकीकडे भाकरी असे, कधी दुसरीकडे. फडके एकच होऊन गेले. पुढच्या नाताळाला सासूबाई रीतीप्रमाणे शिधा घेऊन गेल्या, तर आजी दारातच म्हणाल्या, "हे काय आणलंस? करंजी कुठंय?" भिंतीवरची पहिली रेघ ती. बाकीच्या दहा तिच्यामागून आल्या. दोघीही आता नाहीत.

बुधवारी रात्री ताटे भरायला घेतली. हे म्हणाले, "दहाच भर. त्यांनी दिवाळीला पाठवलं नाही, आपण कशाला?" मी काही न बोलता फडताळातून सासूबाईंचे नाव घातलेले स्टीलचे ताट काढले आणि त्यात करंज्या मांडू लागले. यांनी ताटाकडे पाहिले. ती गोष्ट आईच्या तोंडून त्यांनी लहानपणापासून ऐकलेली. गोठ्यात वैरण टाकायला निघून गेले. नाही म्हणाले नाहीत, मला तेवढे पुरे होते.

गुरुवारी उपासना आटोपली आणि धाकटी ताटे वाटायला निघाली. एकेका घरातून ताट परत येते, त्यात चमचाभर साखर, कुठे दोन पेरू, कुठे हरभऱ्याची जुडी. दहा ताटे आली. धाकटी म्हणाली, "काकूने ताट ठेवून घेतलं. म्हणाली, देते नंतर."

मी पुढे काही विचारले नाही. करंज्या पसंत पडल्या की नाहीत, काका घरात होते की मळ्यात, हे सारे ओठावर आले होते. पण पोरीला मध्ये घालू नये.

हे लिहिते आहे तेव्हा जानेवारीची दहा तारीख आहे. कांदा धरला आहे, डबे पुन्हा पालथे पडले आहेत. ताट अजून त्यांच्याकडेच आहे. काल सकाळी त्यांच्या अंगणात तीळ वाळत घातलेले दिसले. संक्रांतीला चार दिवस आहेत.