मिरेय नावाची कूळकथा

चि. सईस,


तुझ्या घरमालकीणबाईंच्या ‘मिरेय’ या नावाचा अर्थ तू विचारलास. फ्रान्समधली बहुतेक जुनी नावं संतांची. हे मात्र एका कवीने गावभर केलेलं.

फ्रेदेरिक मिस्त्राल 1830 साली दक्षिणेतल्या मायान गावी जन्मला. शाळेत फ्रेंच, घरात तिकडची बोली प्रोव्हान्साल. त्याची आजी लेकींचे लाड करताना त्यांना ‘मिरेय’ म्हणायची. ही मिरेय कोण, ते घरात कुणालाच सांगता येईना. गोष्ट हरवली होती, नाव तेवढं उरलं होतं. मिस्त्रालने मग गोष्टच नव्याने रचली, आणि तीही प्रोव्हान्सालमध्ये! 1859 साली ‘मिरेयो’ हे बारा सर्गांचं काव्य अविन्यों शहरात छापलं गेलं. त्याची नायिका, एका सधन शेतकऱ्याची मुलगी, रेशीमकिड्यांसाठी तुतीचा पाला तोडता तोडता बुरुडाच्या मुलाच्या प्रेमात पडते. घरचे नाही म्हणतात. ती क्रोच्या दगडगोट्यांच्या माळावरून भर उन्हात समुद्रकाठच्या सेंत-मारी गावाकडे धावते आणि ऊन लागून तिथल्या चर्चमध्ये प्राण सोडते. संगीतकार गुनोने 1864 मध्ये त्यावर ऑपेरा केला. त्याच वर्षी शेवट बदलून नायिकेला जिवंतही ठेवलं. (गल्लापेटीची काळजी तेव्हाही होतीच.)

पुढे लोकांना मुलींसाठी हे नाव हवंसं झालं, आणि तिथेच अडलं. आपल्याकडे आत्याने कानात ‘कुर्र’ केलं की बारसं झालं. तिथे 1803 च्या कायद्याने दिनदर्शिकांतली किंवा प्राचीन इतिहासातली नावंच चालत. ही सक्ती उठली थेट 1993 मध्ये. चर्चलाही संताचं नाव हवं. एका बाप्तिस्म्याला पाद्री अडून बसला, तेव्हा ‘मिरेय म्हणजे मिर्याम, म्हणजेच मारी, येशूची आई’ असं मिस्त्रालने ठासून सांगितलं, अशी कथा आहे. काही अभ्यासक मात्र या नावाचं मूळ प्रोव्हान्सालमधल्या ‘कौतुकाने न्याहाळणं’ या अर्थाच्या क्रियापदात शोधतात. मला हेच जास्त पटतं. आजीच्या तोंडी शोभतंही.

मिस्त्रालला 1904 चं नोबेल विभागून मिळालं. गायिका मिरेय मातिय 1946 साली जन्मली, तीही अविन्योंतच. मारीशी जोडलेलं नातं दिनदर्शिकेने मान्य केलं, म्हणून मिरेयचा नामदिन मारीच्या सणाला, 15 ऑगस्टला येतो. त्या दिवशी ध्वजवंदन आटोपलं की बाईंनाही शुभेच्छा दे. पुरणपोळी जमली तर उत्तमच.

तुझा,
नानाकाका